पान्हा आणि पाठबळ : प्रस्तावना

नुकत्याच जन्मलेल्या बाळाला कोरडे करून आईच्या उघड्या पोटावर पालथे ठेवले आणि कोणी घाई केली नाही, तर काही वेळाने ते पाय रोवू लागते, हाताची बोटे चाटते, मान उचलते आणि थांबत थांबत वर सरकत स्तनापर्यंत पोचते. बहुतेक बाळांना याला तासभर पुरतो. स्वीडनमधील कॅरोलिन्स्का संस्थेच्या संशोधकांनी १९८७ मध्ये या हालचालींची क्रमवार नोंद केली. पुढे २००७ मध्ये मुंबईचे बालरोगतज्ज्ञ डॉ. प्रशांत गांगल यांच्या पुढाकाराने आणि युनिसेफच्या साहाय्याने तयार झालेल्या चित्रफितीमुळे ‘ब्रेस्ट क्रॉल’ हे नाव आपल्याकडच्या प्रसूतिगृहांत पोचले. बाळ ही शिदोरी जन्मतःच घेऊन येते. आईचे तसे नसते. तिच्या शरीरात दूध आपोआप तयार होते. पण बाळाला कसे धरावे, त्याचे तोंड नीट लागले आहे की नाही हे कसे ओळखावे, ते रडले तर त्याचा अर्थ काय लावावा, हे तिला शिकावे लागते. शिकवायला शेजारी कोणीतरी असावे लागते. स्तनपानाची तयारी आणि त्यासाठीचा आधार हा सगळा विषय या एका फरकातून उभा राहतो.

दूध तयार होण्याची प्रक्रिया गरोदरपणाच्या मध्यावरच सुरू होते. तेव्हापासून स्तनांत थोडा थोडा चीक साठतो, पण वारेतून येणारे प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक दूध रोखून धरते. वार पडली की हा अडसर निघतो आणि साधारण दोन ते चार दिवसांत छाती भरून येते. सिझेरियन, दीर्घ आणि थकवणारी प्रसूती किंवा मधुमेह असेल तर याला थोडा उशीर होऊ शकतो. तोवरचे दिवस चिकाचे. चीक चमच्यांनी मोजावा इतकाच येतो, आणि पहिल्या दिवशी बाळाच्या पोटात एका वेळी मावते तेही ५ ते ७ मिलिलिटर, म्हणजे चहाचा एक चमचा. हा मेळ ज्या घराला माहीत नाही, त्या घरात दुसऱ्या रात्री ‘हिला दूधच नाही’ असा निवाडा होतो आणि भुकटीच्या दुधाचा डबा उघडला जातो.

पुढची व्यवस्था दोन संप्रेरकांच्या हाती असते. बाळ ओढू लागले की प्रोलॅक्टिन वाढते आणि दूध तयार होते. ऑक्सिटोसिन ते दूध बाहेर ढकलते. मराठीत ज्याला पान्हा फुटणे म्हणतात ते या दुसऱ्या संप्रेरकाचे काम. बाळाच्या नुसत्या आठवणीने किंवा रडण्याच्या आवाजाने पान्हा फुटतो, तसाच तो वेदना, भीती, लाज आणि अपमानाने अडतोही. बाळंतिणीला चार माणसांसमोर टोचून बोलले तर दूध उतरायला अडचण येते, याला शरीरशास्त्राचा आधार आहे. शिवाय स्तनात दूध साठून राहिले की तिथली निर्मिती मंदावते आणि रिकामा झाला की वाढते. म्हणून दूध वाढवण्याचा पहिला उपाय बाळाला पुन्हा पाजणे हाच आहे. लाडू, खीर, काढे यांची जागा त्यानंतरची.

या सगळ्याचे यश एका छोट्या गोष्टीवर अवलंबून असते: बाळाची पकड. बाळाने नुसते बोंड ओढले तर ते जिभेचे टोक आणि हिरड्या यांच्यामध्ये चेपले जाते. आईला कळ येते, दोन दिवसांत चिरा पडतात आणि बाळाला मात्र थेंबभरच मिळते. बोंडाभोवतीचा काळसर भाग, त्यातही खालचा अधिक, तोंडात गेला तर जीभ त्याच्याखाली लाटेसारखी हलते आणि दूध ओढले जाते. तोंड मोठे उघडलेले, खालचा ओठ बाहेर वळलेला, हनुवटी स्तनाला टेकलेली, गाल फुगीर आणि गिळण्याचा आवाज ही चांगल्या पकडीची चिन्हे. बाळाचे डोके, मान आणि पाठ एका रेषेत असावी, पोट आईच्या पोटाला लागलेले असावे आणि आईने बाळाकडे वाकण्याऐवजी बाळाला आपल्याकडे आणावे. वाचताना हे सोपे वाटते. प्रत्यक्षात टाके दुखत असताना, पहाटे तीन वाजता, रडून लाल झालेल्या बाळासह ते करायचे असते. म्हणूनच शंभर सूचनांपेक्षा एकदा शेजारी बसून हात धरून दाखवणे अधिक कामी येते.

असे दाखवण्याची सोय आपल्या समाजात होती. पहिले बाळंतपण माहेरी, सव्वा महिना बाळंतिणीची खोली, शेक-शेगडी, तेल लावणारी बाई, डिंकाचे आणि मेथीचे लाडू, अळिवाची खीर, बाळंतशेपा: या साऱ्यात आहाराइतकीच महत्त्वाची गोष्ट म्हणजे बाळंतिणीला मिळणारी सवड आणि पाजण्याचा अनुभव असलेल्या बायकांचा सहवास. एकत्र घरातली मुलगी स्वतः आई होण्याआधी काकूला, वहिनीला, बहिणीला पाजताना पाहत असे. ते शिक्षण कोणी शिक्षण म्हणून दिले नव्हते, पण ते होत होते.

त्याच परंपरेत चुकाही होत्या, आणि त्या झाकून चालणार नाही. चीक खराब समजून पिळून टाकणे, पहिल्या दिवशी मधाचे बोट, कापसाच्या बोळ्याने गुळाचे पाणी, रोजची बाळगुटी या सवयी आजही सुटलेल्या नाहीत. गाय-म्हैस व्याली की वासराला चीक मिळालाच पाहिजे हे ज्या शेतकऱ्याला पक्के ठाऊक असते, त्याच्याच घरात माणसाच्या बाळाचा चीक फेकला गेलेला आहे. या सवयींची मुळे जुनी आहेत. सुश्रुतसंहितेत प्रसूतीनंतर तीन-चार रात्रींनी स्तन्य सुरू होते असे मानले आहे आणि तोवर मध-तुपाचा विधी सांगितला आहे. चरकसंहितेच्या शारीरस्थानात मध-तूप चाटवल्यावर लगेच उजवा स्तन देण्यास सांगितले आहे. म्हणजे पहिले दूध कधी द्यावे याविषयी प्राचीन आचार्यांतही एकमत नव्हते. काश्यपसंहितेने तर बालकांच्या आरोग्याला स्वतंत्र शास्त्राचा दर्जा दिला आणि दूध, दाई व त्यांचे दोष यांची विस्ताराने चर्चा केली. या ग्रंथांना आजच्या कसोटीवर पास-नापास करण्यात अर्थ नाही. त्यांनी बाळंतिणीच्या दुधाला वैद्यकाचा विषय मानले, हे मोठे. मध मात्र वर्षाच्या आतील बाळाला देऊ नये, कारण त्यातून बोट्युलिझम हा जिवावर बेतणारा आजार होऊ शकतो, हे आता निश्चित माहीत आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात युरोपात बाळांसाठी तयार पिठे आणि भुकट्या विकल्या जाऊ लागल्या. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला न्यूझीलंडचे डॉक्टर ट्रुबी किंग यांनी घड्याळ लावून, चार-चार तासांनी पाजण्याची शिस्त लोकप्रिय केली. त्यांचा हेतू बाळे वाचवण्याचा होता आणि ते स्वतः आईच्या दुधाचे पुरस्कर्ते होते. पण मागणीवर चालणाऱ्या प्रक्रियेला घड्याळाला बांधले की दूध आटते, आणि दूध आटले की डबा लागतो. पुढे प्रसूती रुग्णालयात गेली, बाळे वेगळ्या खोलीत ठेवली जाऊ लागली आणि बाटली हे आधुनिकतेचे चिन्ह झाले. गरीब देशांत याची किंमत बाळांनी जिवाने मोजली: दूषित पाणी, पातळ केलेली भुकटी, न उकळलेल्या बाटल्या, हगवण. डॉ. सिसिली विल्यम्स यांनी १९३९ मध्ये सिंगापूरच्या रोटरी क्लबपुढे भाषण करून या मृत्यूंना खून म्हणण्याचे धैर्य दाखवले. जागतिक आरोग्य परिषदेने पर्यायी दुधाच्या विक्रीसंबंधीची आचारसंहिता मंजूर केली ती १९८१ मध्ये. विरोधात एकच मत पडले, अमेरिकेचे. भारताने १९९२ मध्ये कायदा करून आणि २००३ मध्ये तो कडक करून दोन वर्षांखालील बाळांच्या पर्यायी दुधाची जाहिरात, मोफत नमुने आणि आरोग्य कर्मचाऱ्यांना भेटवस्तू देण्यास बंदी घातली.

बंदीने बाजार आवरतो, पण आईचा हात धरला जात नाही. तो धरण्याचे तीन निरनिराळे मार्ग गेल्या सत्तर वर्षांत घडले. पहिला आयांनी आयांसाठी काढलेला. १९५६ मध्ये अमेरिकेतील इलिनॉय राज्यात सात मैत्रिणींनी ला लेचे लीग सुरू केली. ज्या बाईने स्वतः पाजले आहे तीच दुसरीला उत्तम समजावू शकते, ही तिची श्रद्धा. यातूनच पुढे प्रशिक्षित सल्लागारांचा व्यवसाय उभा राहिला आणि १९८५ पासून त्यांची आंतरराष्ट्रीय परीक्षा होऊ लागली. दुसरा मार्ग रुग्णालयाचा. १९९१ मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी बाळस्नेही रुग्णालयांची योजना आणली आणि प्रसूतिगृहांसाठी दहा पायऱ्या ठरवून दिल्या. २०१८ मध्ये सुधारलेल्या या पायऱ्यांत गरोदरपणी स्तनपानाविषयी बोलणे आहे, जन्मताच अंगाला अंग लावून ठेवणे आहे, आणि दहावी पायरी आहे घरी गेल्यावरच्या आधाराची सोय लावून देणे. प्रमाणपत्र मिळवण्याच्या धडपडीत याच शेवटच्या पायरीकडे सर्वाधिक दुर्लक्ष होते.

तिसरा मार्ग वस्तीचा आणि गावाचा, आणि दक्षिण आशियाने जगाला दिलेले धडे याच मार्गावरचे आहेत. ढाका शहरात स्थानिक बायकांनी घरोघरी जाऊन केलेल्या समुपदेशनामुळे पाच महिन्यांच्या बाळांत निव्वळ स्तनपान ७० टक्के आढळले. जिथे या भेटी नव्हत्या तिथे ६ टक्के. हा अभ्यास २००० मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. हरियाणातील अशाच अभ्यासातही मोठा फरक दिसला. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातल्याच बायकांना आरोग्यदूत म्हणून तयार केले. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात नवजात बाळांचे मृत्यू साठ टक्क्यांहून अधिक घटले. नवजात बाळाच्या घरी आज आशा ताई जातात, त्या सरकारी कार्यक्रमामागे गडचिरोलीचा हा अनुभव आहे. प्रसूती दवाखान्यात झाली असली तरी ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी त्यांनी घरी भेट द्यावी असा नियम आहे. त्या भेटीत बाळ पिताना पाहिले जाते की नुसता कार्डावर शिक्का पडतो, यावर पुष्कळ काही ठरते.

महाराष्ट्राचा वाटा एवढ्यावर संपत नाही. भारतातील स्तनपान प्रसाराचे जाळे, बीपीएनआय, ३ डिसेंबर १९९१ रोजी वर्ध्यात स्थापन झाले. मुंबईच्या सायन रुग्णालयात डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ मध्ये आशियातील पहिली मातृदुग्धपेढी सुरू केली. कमी दिवसांच्या, कमी वजनाच्या बाळांना स्वतःच्या आईचे दूध मिळेपर्यंत दुसऱ्या आईचे तपासून पाश्चराइझ केलेले दूध मिळू लागले. शेजारच्या कर्नाटकातून आलेली एक साधी युक्तीही इथे सांगितली पाहिजे. आत ओढलेल्या बोंडांसाठी दावणगेरेच्या डॉक्टरांनी १९९३ मध्ये साध्या इंजेक्शनच्या सिरिंजचे टोक कापून, दट्ट्या उलट बाजूने घालून हलके ओढण्याची पद्धत सुचवली. अगदी स्वस्तातली ही वस्तू कितीतरी आयांना महागड्या उपकरणांपासून दूर ठेवू शकली.

एवढे ज्ञान हाताशी असताना आजची स्थिती काय? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार, म्हणजे २०१९ ते २०२१ या काळात, देशातील ८८.६ टक्के प्रसूती संस्थांत झाल्या. पहिल्या तासात छातीला लावलेली बाळे मात्र ४१.८ टक्केच. सहा महिन्यांखालील बाळांपैकी निव्वळ आईच्या दुधावर असलेली ६३.७ टक्के. पहिला आणि दुसरा आकडा शेजारी ठेवले की दुखणे कुठे आहे ते कळते. प्रसूती घरातून दवाखान्यात गेली, आणि ज्या तासाला सर्वात कुशल माणसे आईच्या अवतीभवती असतात तोच तास वाया जातो. दर पाचांतील एक प्रसूती सिझेरियनने होते. अशा वेळी बाळ नातेवाइकांच्या हाती आणि आई शस्त्रक्रियागृहात, असे चित्र नेहमीचे. दोन-तीन दिवसांत घरी सोडतात, तेव्हा दूध नुकते उतरत असते. छाती दगडासारखी होणे, चिरा, रात्रभर रडणे हे सगळे घरी गेल्यावर सुरू होते, आणि घरी आता फार तर एक आई किंवा सासू असते, जिने स्वतःची मुले डब्याच्या काळात वाढवली. घर शिकवीनासे झाले आणि दवाखान्याने शिकवण्याचे काम अंगावर घेतले नाही. आजची आई या दोहोंच्या मधल्या फटीत सापडली आहे. तिथे मोबाइलवरच्या जाहिराती तिला गाठतात. पर्यायी दुधाच्या या नव्या प्रचारावर जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये स्वतंत्र अहवाल काढला.

तयारी म्हणून गरोदरपणात स्तनांना फार काही करावे लागत नाही. बोंडे खरबरीत कापडाने घासण्याचा जुना सल्ला निरुपयोगी आणि त्रासदायक आहे. सातव्या-आठव्या महिन्यात बोंडे आत ओढलेली आहेत का, आधी स्तनांची शस्त्रक्रिया झाली आहे का, थायरॉइड किंवा मधुमेह आहे का, हे डॉक्टरांशी बोलून घ्यावे. खरी तयारी माणसांची. पहिल्या तासात बाळ अंगावर ठेवणार का, सिझेरियन झाले तर काय करणार, हे प्रसूतिगृहाला आधी विचारावे. रात्री बाळाला ढेकर कोण काढणार, पाहुण्यांना कोण आवरणार, भांडी कोण घासणार, हे नवऱ्याने आणि घरच्यांनी ठरवून ठेवावे. आणि अडले तर कोणाला फोन करायचा ते नाव आधीच लिहून ठेवावे: आशा ताई, परिचारिका, बालरोगतज्ज्ञ किंवा स्तनपान सल्लागार. दुखणे सुरू झाल्यावर हे शोधण्याची ताकद उरत नाही.

‘दूध पुरत नाही’ ही तक्रार या पुस्तकात पुन:पुन्हा येते, कारण वरचे दूध सुरू होण्याचे ते सर्वात मोठे कारण आहे. बाळ दिवसाला आठ ते बारा वेळा पिते, संध्याकाळी तर तासातासाला मागते, आणि हे सगळे सामान्य असते. छाती मऊ लागणे, दूध पिळले तर थोडेच निघणे, बाळाने मूठ चोखणे यांतले काहीच कमी दुधाचे लक्षण नाही. पाचव्या दिवसानंतर चोवीस तासांत सहा किंवा अधिक वेळा लघवी, पिवळी शी आणि वाढते वजन ही भरवशाची खूण. जन्मानंतर वजन थोडे उतरते आणि साधारण दोन आठवड्यांत मूळ पदावर येते; फार उतरले किंवा तोवर भरून आले नाही तर तपासणी हवी. शंकेपोटी एक बाटली दिली की बाळ तेवढे कमी ओढते, तेवढे दूध कमी तयार होते, आणि दुसऱ्या दिवशी शंका खरी ठरते.

काही आयांना मात्र खरोखरच दूध कमी असते. प्रसूतीत झालेला मोठा रक्तस्राव, गर्भाशयात राहिलेला वारेचा तुकडा, थायरॉइडचा विकार, स्तनग्रंथींची अपुरी वाढ अशी कारणे असतात. काहींची औषधे स्तनपानाशी जुळत नाहीत. क्वचित एखाद्या बाळाला गॅलॅक्टोसीमियासारखा जन्मजात दोष असतो. एचआयव्ही असलेल्या आईबाबत निर्णय उपचारांवर आणि डॉक्टरांच्या सल्ल्यावर घ्यावा लागतो. वरचे दूध द्यावे लागलेल्या आईने अपराधी वाटून घेण्याचे कारण नाही. तिलाही तितकाच आधार हवा. दूध मापाने, स्वच्छतेने, वाटी-चमच्याने किंवा जुन्या बोंडल्याने कसे द्यावे हे तिलाही कोणी शिकवले पाहिजे. बाळंतपणानंतरचे नैराश्य तर दूध भरपूर असलेल्या आईलाही गाठते. आईचे मन मोडून पाजलेले दूध हे कोणाच्याच हिताचे नाही, हे स्तनपानाच्या प्रचारकांनीही लक्षात ठेवायला हवे.

कामावर परतणे हा वेगळाच टप्पा. रायगडाचा कडा उतरून बाळाकडे धावलेल्या गवळणीच्या नावाने महाराष्ट्रात एसटी स्थानकांत आणि कार्यालयांत हिरकणी कक्ष उघडले गेले. कथेतल्या हिरकणीला कडा उतरावा लागला; आजच्या नोकरदार आईला तसे धाडस करावे लागू नये, एवढीच अपेक्षा, पण कुलूपबंद कक्ष ती पुरी करत नाहीत. २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठी प्रसूती रजा २६ आठवड्यांवर नेली आणि पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघर बंधनकारक केले. बीडहून कोयता घेऊन निघालेल्या ऊसतोड जोडप्यापर्यंत यातले काहीच पोचत नाही. तिथे बाळ फडाच्या कडेला झोळीत असते आणि पाजण्याचा प्रत्येक वेळ मजुरीतून वजा होतो. परदेशातल्या मराठी आईची अडचण निराळी. अमेरिकेत २०१० च्या आरोग्य कायद्यानंतर विमा कंपन्यांना स्तनपान सल्ला आणि दूध काढण्याचा पंप द्यावा लागतो. तिला उणीव भासते ती माहेरच्या माणसांची, आणि आईचा व्हिसा संपला की ती अधिकच.

हे पुस्तक अशा सगळ्या वाचकांना समोर ठेवून लिहिले आहे: गरोदर स्त्री, तिचा नवरा, दोन्हीकडच्या आज्या, आशा ताई, प्रसूतिगृहातली परिचारिका. त्याची मांडणी काळाच्या ओघाने जाते. गरोदरपण, पहिला तास, पहिला आठवडा, पहिले सहा आठवडे, आणि वरचा घास सुरू होईपर्यंतचे सहा महिने. आईच्या दुधाचे गुणगान त्यात मोजकेच आहे, कारण आपल्याकडे क्वचितच कोणा आईला ते पटवावे लागते. भर आहे तो दुखते तेव्हा काय करायचे यावर. मतभेदही लपवलेले नाहीत. उदाहरणार्थ, स्तनाला सूज आली की गरम शेक देऊन जोरात पिळावे हा आजवरचा सल्ला. २०२२ पासून काही तज्ज्ञ संघटना थंड शेक, विश्रांती आणि बाळाच्या गरजेपुरतेच पाजणे सुचवतात. दोन्ही बाजू वाचकापुढे ठेवून पुस्तकाने आपला कल स्पष्ट सांगितला आहे. भाषा घरातली ठेवली आहे. पकड, पान्हा, चीक, चिरा, वरचे दूध हे शब्द बाळंतिणीच्या तोंडी असतात, तेच इथे आहेत. पहिल्याच पानावर धोक्याच्या खुणा दिल्या आहेत: बाळ उठवूनही पीत नाही, अंग गरम किंवा थंडगार पडते, श्वास जोरात चालतो, बारा तासांत लघवी झालेली नाही, तळवे-तळपायांपर्यंत पिवळेपणा उतरतो, आईला थंडी वाजून ताप येतो, स्तनाचा भाग लाल होऊन ठणकतो किंवा तिला स्वतःला वा बाळाला इजा करण्याचे विचार येतात. यांपैकी काहीही दिसले तर पुस्तक मिटून १०२ किंवा १०८ वर फोन करावा आणि दवाखाना गाठावा.